कम्प्लायन्सची नोकरी, मग सरकारी वकिली, मग निवडणूक : सनद कुठे थांबते, कुठे चालते?

सनद_पुणे

एलएल.बी. आणि सी.एस. (कंपनी सेक्रेटरी) दोन्ही, वय ३१. सनद घेतल्यावर अडीच वर्षं जिल्हा न्यायालयात काम, त्यानंतर एका लिस्टेड कंपनीत कम्प्लायन्स ऑफिसर. पुढचा विचार असा आहे : एमपीएससीतून सहायक सरकारी अभियोक्ता, काही वर्षं सेवा, आणि मग विधानसभा किंवा विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ.

शंका अशा. कंपनीतली वर्षं वकिलीच्या अनुभवात धरतात का? अभियोक्ता म्हणून केलेली सेवा पुढे जिल्हा न्यायाधीशपदाच्या सात वर्षांत मोजली जाते का, की तीही ‘नोकरी’ म्हणून बाद? सरकारी सेवेतून निवडणुकीसाठी राजीनामा दिला तर कोणत्या तारखेपर्यंत आपण त्यातून सुटलेलो असायला हवं? आणि सेवेत न जाता जिल्हा सरकारी वकिलांच्या पॅनेलवर गेलो तर उमेदवारी अर्ज भरताना ते आड येतं का?

‘मेहनत करा, सगळं होईल’ छापाचं उत्तर नको. नियम आणि कुठे फसतं तेवढं सांगा.

---

वकालतनामा

पहिल्या शंकेचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ काढून वाचा. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की ज्या राज्य बार कौन्सिलच्या पटावर नाव आहे तिला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. तुमच्या बाबतीत नियम ४८ ही लागतो : वकिलाला कंपनीच्या संचालक मंडळावर बसता येतं, कार्यकारी स्वरूपाचं काम नसेल तर, पण मॅनेजिंग डायरेक्टर किंवा कंपनी सेक्रेटरी होता येत नाही. म्हणजे सी.एस. म्हणून पद घेतलं त्या दिवसापासून सनद झोपलेली. २००१ मध्ये सतीशकुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलच्या वीज मंडळातल्या पूर्णवेळ विधी अधिकाऱ्याची वकील म्हणून नोंदणी टिकू दिली नव्हती. ‘मी तिथे कायद्याचंच काम करत होतो’ हा युक्तिवाद तिथेच संपला.

सनद थांबवायची रीत : मूळ सनद जोडून पत्र, रजिस्टर्ड पोस्टाने, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. नोकरीच्या रुजू होण्याची तारीख पत्रात स्पष्ट लिहा. पुन्हा सुरू करताना अर्ज, कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र आणि प्रतिज्ञापत्र लागतं. दरम्यानच्या काळात ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम २४ ए खालची अपात्रता ओढवलेली नाही, असं त्यात म्हणावं लागतं. एनरोलमेंट कमिटीचा आदेश होईपर्यंत कोर्टात उभं राहू नका.

आता फसतं कुठे ते. बरेच जण कळवतच नाहीत. पाच वर्षांनी जाहिरात आली की जुन्या सिनियरकडून ‘सलग वकिली’चा दाखला आणतात. कागदपत्रं तपासताना ईपीएफच्या पासबुकात त्याच महिन्यांची वर्गणी दिसते, फॉर्म १६ दिसतो, आणि मग प्रश्न अनुभव कमी पडण्याचा राहत नाही, खोट्या दाखल्याचा होतो. एक वेळ पद जाईल. सनद गेली तर पुढचं राजकारणही त्याच कागदावरून गाजेल. तुम्ही अजून कळवलं नसेल तर आज कळवा, उशिराचं कारण लिहा.

आणखी एक. नोकरीत असताना कंपनीच्या खटल्यात तुम्ही अधिकृत प्रतिनिधी असता. बोर्डाच्या ठरावावर फिर्यादीवर सही करा, प्रतिज्ञापत्र करा, साक्ष द्या. बँड लावून युक्तिवाद करायचा नाही, ‘छोटीशी तारीख आहे, मागून घेतो’ म्हणूनसुद्धा नाही.

---

मिनिटबुक

कंपनीतून बाहेर पडण्याची बाजू मी सांगतो, कारण वकील मंडळी ती नेहमी हलक्यात घेतात.

सेबीच्या लिस्टिंग नियमांतल्या नियम ६ नुसार कम्प्लायन्स ऑफिसर पात्रताधारक कंपनी सेक्रेटरीच असावा लागतो. पद रिकामं झालं की कंपनीला ते साधारणपणे तीन महिन्यांत भरावं लागतं. म्हणून नोटीस पिरियड लांबवण्याची गळ घातली जाईल. एमपीएससीची जाहिरात किंवा निवडणुकीचा कार्यक्रम तुमच्या नोटीस पिरियडसाठी थांबत नाही, तेव्हा कार्यमुक्तीची तारीख लेखी घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

राजीनाम्याचं पत्र जपून लिहा. २०२३ च्या दुरुस्तीपासून प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी, वरिष्ठ व्यवस्थापन आणि कम्प्लायन्स ऑफिसर यांचं राजीनामापत्र, त्यात दिलेल्या कारणांसह, राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत शेअर बाजाराला द्यावं लागतं. म्हणजे ते पत्र बीएसईच्या संकेतस्थळावर कायमचं राहणार. उद्या प्रतिस्पर्धी उमेदवार ते उघडून वाचेल हे धरून चला. व्यवस्थापनाशी खरोखर मतभेद असतील आणि ते कारण असेल तर ते लिहा, लपवू नका. नसतील तर दोन ओळी पुरतात.

इनसायडर ट्रेडिंगच्या २०१५ च्या नियमांत ‘संबंधित व्यक्ती’ची व्याख्या मागच्या सहा महिन्यांपर्यंत जाते. तेव्हा बाहेर पडल्यावर किमान सहा महिने त्या कंपनीच्या शेअरला हात लावू नका. सहा महिने झाले तरी जाहीर न झालेली माहिती हातात असेल तर तेव्हाही नाही. प्रचाराला पैसे हवेत म्हणून ईसॉपचे (कर्मचारी म्हणून मिळालेले) शेअर घाईने विकणं हा नेमका चुकीचा मुहूर्त. विकायचेच तर नोकरीत असताना, ट्रेडिंग विंडो उघडी असताना, पूर्वपरवानगी घेऊन विका.

नोकरीत राहून पक्षाचं काम करावं का? खासगी नोकराला पक्षाचं सदस्यत्व घेऊ नको असं कायदा म्हणत नाही, पण कंपनीची आचारसंहिता बहुतेक वेळा आधी कळवायला सांगते. आणि कंपनी, कंपनी कायद्याच्या कलम १८२ खाली, पक्षांना देणगी देत असेल तर त्या ठरावाच्या कागदापासून स्वतःला लेखी दूर ठेवा. ठरावाचा मसुदा करणारा तोच आणि पक्षाच्या विधी सेलमध्ये बसणारा तोच, हे चित्र कुणालाच समजावता येत नाही.

परतीचा रस्ताही पाहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाने बँकेच्या मुख्य कम्प्लायन्स अधिकाऱ्यासाठी बँकिंग किंवा वित्तीय सेवेतला १५ वर्षांचा अनुभव, वयोमर्यादा ५५ आणि किमान तीन वर्षांचा निश्चित कार्यकाळ अशी चौकट घातली. दहा वर्षं अभियोक्ता आणि आमदारकीत घालवून ती खुर्ची मिळत नाही. स्वतंत्र संचालक म्हणून परतणं जास्त शक्य आहे, पण त्याच कंपनीत नव्हे : आधीच्या तीन आर्थिक वर्षांत तिथे नोकरी असेल तर कंपनी कायद्याचं कलम १४९ आड येतं.

---

सनद_पुणे

@वकालतनामा, सनद थांबवल्याचं पत्र दिलेलं आहे, पोच आहे. मग अडीच वर्षं जुनी आणि उरलेली नव्याने भरायची, असंच ना? आणि सल्ला देताना कंपनीशी झालेला पत्रव्यवहार गोपनीय धरला जातो का? चौकशी माझ्या कारकिर्दीतल्या काळाची निघाली तर?

---

वकालतनामा

हो, उरलेली नव्याने. पण जाहिरातीत ‘सलग’ असा शब्द आहे का ते पाहा. त्या एका शब्दाने जुनी अडीच वर्षं बाद होऊ शकतात.

गोपनीयतेचं म्हणाल तर ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या नोकरीतल्या वकिलाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं (वकील-अशील संवादाच्या गोपनीयतेचं) संरक्षण नाही. कलम १३४ चं मर्यादित संरक्षण आहे, तेही कंपनीने आपल्या कायदेशीर सल्लागाराशी केलेल्या संवादापुरतं. म्हणून जाताना कागदपत्रं रीतसर हँडओव्हर करा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या, आणि घरी प्रती नेऊ नका.

---

दंडाधिकारी_कोर्ट

आधी एक गोंधळ काढू. ‘सरकारी वकील’ या एका नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी चालतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

एपीपी, म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता, हा गृह विभागाच्या अभियोग संचालनालयातला गट-अ चा नियमित नोकर. दंडाधिकारी न्यायालयात राज्याची बाजू मांडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम १९ त्याचं, कलम २० संचालनालयाचं. एमपीएससी ज्याची परीक्षा घेते ते हे पद. विधी पदवी आणि पाच वर्षांची वकिली ही तिथली अट.

दुसरा, सत्र न्यायालयातला सरकारी अभियोक्ता व जिल्हा सरकारी वकील, ज्याला सगळे डीजीपी म्हणतात, आणि त्याच्या हाताखालचे सहायक. कलम १८ प्रमाणे किमान सात वर्षांची वकिली. महाराष्ट्रात या नेमणुका १९८४ च्या विधी अधिकारी नियमांखाली, ठराविक मुदतीच्या असतात. त्यात पेन्शन नाही, आणि सरकार बदललं की यादी बदलण्याची चर्चा सुरू होते, हे उघड गुपित आहे.

तिसरा, विशेष सरकारी अभियोक्ता : दहा वर्षांची वकिली, नेमणूक विशिष्ट खटल्यापुरती.

आता तुमची दुसरी शंका. २०१३ च्या दीपक अगरवाल विरुद्ध केशव कौशिक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी अभियोक्ता पगारी असला तरी तो न्यायालयात उभा राहून बाजू मांडतो, त्यामुळे तो वकील राहतो. नियम ४९ चा रोख जो नोकरीत गेल्यामुळे कोर्टात उभा राहणं बंद करतो त्याच्यावर आहे. म्हणून एपीपीची वर्षं राज्यघटनेतल्या अनुच्छेद २३३ च्या (जिल्हा न्यायाधीशपदाच्या) सात वर्षांत मोजली जातात. त्यात सुद्धा एक खाच आहे. अभियोक्त्याला संचालनालयात निव्वळ फायलींच्या कामावर बसवलं तर त्या काळाबद्दल वाद होऊ शकतो. रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत) तुमचं नाव दिसेल असं काम हातात असू द्या आणि वर्षाला काही निवडक रोजनाम्यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. दहा वर्षांनी त्या शोधणं म्हणजे रेकॉर्ड रूमची धूळ खाणं.

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदही डोक्यात असेल तर २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, बार परीक्षेच्या निकालापासून नाही.

अर्थात नियामक संस्थांत कंपनीच्या अनुभवाची पत वेगळी आहे. पण सेबीच्या ग्रेड ए विधी शाखेला वयोमर्यादा ३०, ती गाडी तुमची गेली.

---

छाननी_टेबल

तिसरी आणि चौथी शंका माझ्याकडे.

राजीनाम्यात तीन तारखा असतात : दिल्याची, स्वीकारल्याची आणि लागू होण्याची. निवडणूक कायद्याला पहिलीशी काही देणंघेणं नाही. १९७१ च्या इंदिरा गांधींच्या रायबरेलीच्या निवडणुकीत त्यांचं प्रचाराचं काम पाहणारे सरकारी अधिकारी यशपाल कपूर यांचा राजीनामा १३ जानेवारीचा, अधिसूचना २५ जानेवारीची, आणि तिच्यात परिणाम १४ जानेवारीपासून दिलेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ ला ते २५ तारखेपर्यंत सरकारी नोकरच होते असं धरलं, आणि निवडणूक रद्द होण्याच्या दोन कारणांपैकी ते एक ठरलं. त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(७) ला स्पष्टीकरण जोडलं गेलं : राजपत्रात छापलेली तारीख हा निर्णायक पुरावा. ते भ्रष्ट आचरणाच्या कलमापुरतं आहे, उमेदवाराच्या अपात्रतेला आपोआप लागत नाही. तुमच्यासाठी धडा एवढाच की स्वीकृतीच्या आदेशात ‘अमुक दिनांकाच्या मध्यान्होत्तर’ असं स्पष्ट लिहून घ्या, आणि ती तारीख अर्ज भरण्याच्या आधीची असू द्या.

लाभाच्या पदाची (सरकारकडून आर्थिक लाभ मिळण्याजोग्या पदाची) अपात्रता छाननीच्या दिवशी पाहतात हे खरं. त्या भरवशावर छाननीच्या आदल्या रात्री आदेश आणायला धावणारे दर निवडणुकीत दिसतात. तो जुगार आहे. आदेश आला नाही तर काय, याचं ताजं उदाहरण मध्य प्रदेशातलं : उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांनी २०२३ मध्ये राजीनामा दिला, विभागीय चौकशीच्या कारणावरून तो अडला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि ऑक्टोबरअखेर तो स्वीकारला गेला तोवर आमला मतदारसंघातून काँग्रेसने दुसरा उमेदवार जाहीर केला होता. तेव्हा चौकशी, ऑडिट आक्षेप, घरबांधणी अग्रिमाची थकबाकी, सगळं निवडणुकीच्या किमान सहा-आठ महिने आधी निकाली काढा. ना-देय प्रमाणपत्र हा सगळ्यात रेंगाळणारा कागद.

राजीनाम्याऐवजी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची तर २० वर्षांची अर्हताकारी सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस लागते. तेवढी वर्षं तुमच्याकडे नसणार. राजीनाम्याने मागची सेवा जप्त होते हा १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम ४६ जुन्या लोकांना जीवघेणा होता. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचा मामला मुख्यतः एनपीएसच्या (राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या) खात्यातल्या शिलकीचा, त्यामुळे तुलनेने सौम्य.

सेवेत असताना काहीच करू नका, अगदी काहीच. १९७९ च्या वर्तणूक नियमांतला नियम ५ पक्षाचं सदस्यत्व आणि प्रचार दोन्ही रोखतो. अंगावर, गाडीवर, घरावर निवडणूक चिन्ह लावणं हेही वजन वापरणं धरलं जातं. ‘शुभेच्छुक’ म्हणून चौकातल्या फ्लेक्सवर कार्यकर्त्यांनी फोटो लावला तरी खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो. बडतर्फी ओढवली तर पाच वर्षं अर्जासोबत निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ती भ्रष्टाचार किंवा राज्याप्रति अनिष्ठा यासाठी असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९ ने तेवढा काळ उमेदवारीच नाही.

पॅनेलचं उत्तर जास्त गुंतागुंतीचं आहे. दोन वेगळ्या दिशांचे निकाल आहेत. महादेव विरुद्ध शांतिभाई प्रकरणात रेल्वेच्या वकील-पॅनेलवर असणं लाभाचं पद ठरलं. कांता कथुरिया प्रकरणात एका विशिष्ट कामापुरता नेमलेला विशेष सरकारी वकील ‘पद’ धारण करत नाही, असं बहुमताने ठरलं. फरक असा की पद माणसावाचून उभं राहतं का, रिकामं होऊन दुसऱ्याने भरता येतं का, हे पाहिलं जातं. डीजीपीचं पद उभं राहतं, एका खटल्याची नेमणूक राहत नाही. अनर्हता काढून टाकणारा महाराष्ट्राचा १९५६ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत तुमच्या पदाचं नाव आहे का ते शब्दशः वाचा. ‘मी मानधन घेतच नाही’ हा बचाव २००६ च्या जया बच्चन निकालानंतर चालत नाही : मिळण्याजोगं होतं एवढं पुरतं.

व्यवहारात सगळे राजीनामा देऊनच अर्ज भरतात. उज्ज्वल निकम यांनी २०२४ ला उत्तर मध्य मुंबईतून लोकसभा लढवताना विशेष अभियोक्ता म्हणून खटले सोडले, पराभवानंतर जूनमध्ये राज्याने त्यांना पुन्हा नेमलं, त्यावर विरोधकांनी टीका केली, आणि जुलै २०२५ मध्ये ते राज्यसभेवर नामनिर्देशित झाले. खटल्यापुरती नेमणूक असल्यामुळे ही ये-जा जमते. नियमित एपीपीला परतीचं दार नाही.

आणि सी.एस. मंडळींना सहसा ठाऊक नसलेलं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १० : ज्या कंपनीच्या भांडवलात संबंधित सरकारचा हिस्सा २५ टक्क्यांहून कमी नाही, तिचा मॅनेजिंग एजंट, मॅनेजर किंवा सेक्रेटरी असताना निवडणूक लढवता येत नाही. सहकारी संस्था यातून वगळल्या आहेत. तेव्हा मधल्या काळात एखाद्या सार्वजनिक उपक्रमात कंपनी सेक्रेटरी झालात तर हे लक्षात ठेवा.

---

पदवीधर_यादी

पदवीधरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

तिथे निवडणूक प्रचाराच्या वर्षभर आधी, मतदार नोंदणीत लढली जाते. प्रत्येक निवडणुकीपूर्वी यादी कोरी सुरू होते; मागच्या वेळी नाव होतं हे कामाला येत नाही. नोंदणीचा फॉर्म १८, अर्हता दिनांक १ नोव्हेंबर, त्याआधी किमान तीन वर्षं पदवी झालेली हवी. पुणे पदवीधरमध्ये पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. प्रत्येक तालुक्यात फॉर्म गोळा करून, पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडून, नाव मतदार ओळखपत्राशी जुळवून देणारी माणसं लागतात. लग्नानंतर नाव बदललेल्या महिला पदवीधरांचे फॉर्म सर्वाधिक बाद होतात, कारण पदवी माहेरच्या नावाची. राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत जोडा. एपीपी असताना हे तुम्ही करू शकत नाही, म्हणजे राजीनामा निदान दीड वर्ष आधी. उमेदवाराचं वय ३० पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं, सूचक दहा.

विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा. ए आणि बी फॉर्म (पक्षाने उमेदवारी दिल्याचे) शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मूळ शाईच्या सहीचे. बाहेरच्या मतदारसंघातले असाल तर यादीचा प्रमाणित उतारा. शपथ अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आधी; छाननीच्या दिवशी सकाळी घेतलेली चालत नाही, हे १९६८ पासून ठरलेलं आहे. फॉर्म २६ (उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र) मध्ये रकाना रिकामा ठेवायचा नाही, ‘निरंक’ लिहा.

खर्चाची नोंदवही मात्र कम्प्लायन्सवाल्याला डोळे मिटून जमेल : पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं खातं, एका व्यक्तीला संपूर्ण निवडणुकीत रोखीने १०,००० च्या वर नाही, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब. विधानसभेची मर्यादा ४० लाख. हिशेब न दिल्यास कलम १० ए खाली तीन वर्षं अपात्रता.

---

सनद_पुणे

@छाननी_टेबल, कलम १० खरंच माहीत नव्हतं. एकच उरलं : निवडून आलो तर सनद पुन्हा थांबवायची का?

---

छाननी_टेबल

नाही. अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेवर २५ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आमदार-खासदार हे कुणाचे पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, नियम ४९ त्यांना लागत नाही. सरकारी पॅनेलवरचं काम मात्र घेऊ नका, लाभाच्या पदाचा प्रश्न निवडून आल्यावरही उठतो. मंत्री झालात तर वकिली बंद. आणि विधानसभेऐवजी नगरसेवक झालात तर महापालिकेच्या बाजूने किंवा विरोधात वकीलपत्र घेण्यापूर्वी महापालिका कायद्यातली अनर्हतेची कलमं उघडा.